कोळणीची बोली कोण सुधारणार?

वर्सोव्याच्या बंदरावर कोळीण ‘मासली’ म्हणते, ‘पानी’ म्हणते. आणि शाळेत तिच्या पोराच्या वहीवर आमचे मास्तरबंधू तांबडी रेघ ओढतात! ग्रियर्सनसाहेबाने १९०५ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात कोळी बोली नोंदविली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही मराठी बोलींचे ध्वनिमुद्रण केले. फार चांगले झाले. आता संगणकाची पाळी. पण त्याला पढवायला मजकूर कोणता? बहुतेक पुस्तकीच! मग तोही ‘मासली’ ऐकून ‘मासळी’ लिहिणार. म्हणजे मास्तरांची तांबडी रेघ यंत्राच्या हाती! या संशोधक मंडळींना माझे रोखठोक सांगणे आहे : ऐकाल तेच उतरवा, आणि उतरविलेले तपासायला त्या कोळणीलाच बसवा, पण रोख मेहनताना देऊन. मासळीबाजार सोडून ती फुकट का म्हणून येईल?