नर्तकाचा क्रमांक आणि हातांतील यंत्र

आयर्लंडच्या पारंपरिक नृत्याच्या स्पर्धेस तेथील भाषेंत ‘फेश’ म्हणतात. मोठ्या फेशमध्यें एकाच वेळीं अनेक रंगमंच चालू असतात. प्रत्येकावर वयाप्रमाणें व तयारीच्या पायरीप्रमाणें निराळी स्पर्धा चाललेली असते. आणि समोर खुर्च्यांवर बसलेल्या आईबापांस आपल्या मुलीची पाळी नेमकी केव्हां येणार, याचा पत्ता नसतो. अशा स्पर्धांचा मागोवा घेणारें एखादें मोबाइल ॲप रचावें काय, असा प्रश्न निघाल्यास आमचें उत्तर ‘अवश्य रचावें’ असेंच आहे. मात्र त्यांत काय घालावें यापेक्षां काय घालूं नये, याचा विचार रचणारानें आधीं केला पाहिजे.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं हें नृत्य पाहिलें नसेल, म्हणून दोन शब्द सांगतों. धड व हात स्थिर ठेवून सारी करामत पायांनीं करावयाची, हें त्याचें मुख्य लक्षण. मऊ जोडे घालून रील व नऊ मात्रांच्या ठेक्याची स्लिप जिग नाचतात. कठीण तळव्यांचे जोडे घालून ट्रेबल जिग व हॉर्नपाइप. संगीत बहुधा प्रत्यक्ष वादकांचें असतें. १८९३ सालीं स्थापन झालेल्या गेलिक लीग या भाषाभिमानी संस्थेच्या छायेखालीं हीं स्पर्धा-नृत्यें वाढलीं व पुढें तिच्याच मंडळानें त्यांचे नियम बांधिले. पहिली जागतिक स्पर्धा १९७० सालीं डब्लिन येथें झाली. १९९४ सालीं युरोव्हिजन गीतस्पर्धेच्या मध्यंतरांत ‘रिव्हरडान्स’ सादर झाल्यावर तर या नृत्याची कीर्ति जगभर पसरली.

आपल्या मुलांस मागोवा म्हटला कीं क्रिकेटचा धावफलक आठवतो. चेंडू सीमेपार गेला, चार धावा झाल्या, त्या तत्काळ पडद्यावर उमटल्या. त्यांत कोणाच्या मताचा प्रश्न नाहीं. नृत्याचें तसें नाहीं. परीक्षकानें दिलेला गुण हें एका जाणत्या माणसाचें मत असतें, आणि सर्व स्पर्धक नाचून होईपर्यंत त्या मताला अर्थच येत नाहीं. कारण मोठ्या स्पर्धांतून परीक्षकाचे गुण जसेच्या तसे मिळवीत नाहींत. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून प्रथम त्याच्यापुरता अनुक्रम लावितात. मग पहिल्यास १००, दुसऱ्यास ७५, तिसऱ्यास ६५, चौथ्यास ६०, पांचव्यास ५६ असे ठरीव अंक देतात, आणि त्या अंकांची बेरीज करितात. एक परीक्षक हात आखडून सत्तरीच्या आसपास गुण देतो, दुसरा सढळपणें नव्वदीच्या. या रीतीनें दोघांचें वजन सारखें होतें.

यांतील गंमत पाहा. तीन परीक्षकांनीं एका मुलीस पहिला, चौथा व चौथा क्रमांक दिला, तर तिची बेरीज २२० होते. दुसरीस तिघांनींही दुसराच क्रमांक दिला, तर ती २२५ अंक मिळवून पुढें जाते. पहिला क्रमांक तिला एकाही परीक्षकाकडून मिळालेला नसतो! दोघींस एकाच परीक्षकानें पहिल्या स्थानावर सारखेच गुण दिले, तर १०० व ७५ यांची सरासरी काढून प्रत्येकीस ८७.५ अंक देतात. ॲप रचणाऱ्या तरुणानें केवळ पूर्णांकांचें कोष्टक मांडिलें, तर त्याचा हिशेब येथेंच चुकेल आणि एखाद्या मुलीचें पदक भलतीकडे जाईल.

तेव्हां क्षणोक्षणीं गुण दाखविण्याचा हव्यास सोडावा. अर्धवट बेरीज म्हणजे निकाल नव्हे, आणि दुसऱ्या फेरीसाठीं जोडे बांधीत बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीस ती कळली तर अपायच व्हावयाचा. आईबापांस खरी गरज आहे ती निराळी: कोणत्या रंगमंचावर कोणता क्रमांक नाचत आहे, आपल्या क्रमांकापूर्वीं किती जण उरले, आणि अंतिम फेरीसाठीं कोणास परत बोलाविलें आहे. एवढें जरी बिनचूक कळलें, तरी जेवण सोडून तासन् तास खुर्चीस चिकटून बसणें टळेल. आणि हें सारें सभागृहांतील क्षीण जोडणीवरही चाललें पाहिजे, कारण शेंकडों लोक एकाच वेळीं फोन उघडून बसले म्हणजे काय होतें, हें यात्रेच्या गर्दींत फोन लावून पाहणाऱ्या कोणासही ठाऊक आहे.

निकाल लागल्यावर मात्र प्रत्येक परीक्षकाचा आंकडा उघड करावा. २०२२ सालीं स्पर्धांचे निकाल आधींच ठरविले जात असल्याचे आरोप आयर्लंडमध्यें झाले, आणि चौकशीच्या देखरेखीसाठीं अपील न्यायालयाच्या एका माजी न्यायाधीशांस पाचारण करावें लागलें. त्या वेळीं चर्चा झाली ती शिक्षक व परीक्षक यांच्यामधील फोनवरच्या संदेशांची! म्हणजे ज्या यंत्रावर आपण पारदर्शकता आणूं पाहतों, तेंच यंत्र कानगोष्टींसही उपयोगी पडतें. बेरीज चोख करणें ॲपच्या हातीं आहे, परीक्षकाचें मन चोख ठेवणें नाहीं. आणि पहिल्याचा डौल मिरवून दुसऱ्याची हमी देणारी जाहिरात कोणीं करूं नये.

सर्वांत नाजूक गोष्ट मुलांची. या स्पर्धांत सात-आठ वर्षांचीं मुलेंही उतरतात. नर्तक रंगमंचावर असतां त्याचें चित्रण करण्यास बहुतेक ठिकाणीं मनाई असते, ती उगीच नव्हे. ज्यास चित्र घेऊं देत नाहींत, त्याचा वर्षानुवर्षांचा गुणांचा इतिहास मात्र कोणाही परक्यास बोटाच्या टोकावर मिळावा, यांत कोठला न्याय? आयर्लंडच्या २०१८ च्या कायद्यानें अशा सेवांना स्वतःची संमति देण्याचें वय १६ ठरविलें आहे. म्हणजे बहुसंख्य स्पर्धकांसाठीं ती संमति पालकांनींच द्यावयाची. परंतु पालकांची संमति मिळाली म्हणून मुलामुलींची तुलनात्मक जंत्री मांडण्यास मुभा मिळाली, असें आम्ही मानीत नाहीं. नवव्या वर्षीं शेवटून दुसरी आलेली मुलगी सोळाव्या वर्षीं उत्तम नाचूं शकते. तो जुना आंकडा तिच्या मागें कां लागावा?

नांवांविषयीं एक छोटी सूचना. आयरिश भाषेंत स्वरावर दिली जाणारी तिरपी रेघ उच्चार बदलते, कधीं कधीं शब्दाचा अर्थही. पुष्कळ संगणक ती गिळून टाकितात. जोडाक्षरें मोडलेलें आपलें नांव एखाद्या दाखल्यावर पाहिलेल्या मराठी माणसास त्याचें दुःख निराळें सांगावयास नको. रचणारानें ती रेघ जपावी.

शोधाच्या चौकटीसंबंधीं आमचा आग्रह साधा आहे. त्या दिवशीं पोशाखावर लाविलेला क्रमांक घातला असतां रंगमंच, पाळी व निकाल दिसावा. दुसऱ्या दिवशीं त्याच क्रमांकानें कांहींही उघडूं नये. आणि मुलाचें नांव घातलें असतां, तें मूल व त्याचे पालक यांखेरीज कोणाहीपुढें कोरें पान यावें.