किल्ला गावातच आहे की!
शनिवार उजाडला की बेळगावकर गाडीची हवा तपासतो. कुणी निपाणीवरून कोल्हापूर गाठतो, कुणी चोर्ला घाटाने गोवा. रजा जुळली तर थेट बदामी-हंपी. तिथं वाटाड्याला पैसे मोजून दगडांचा इतिहास ऐकायचा, फोटो काढायचे आणि सोमवारी गणपत गल्लीच्या गर्दीत पुन्हा हॉर्न दाबत उभं राहायचं. आणि आपला किल्ला? खंदकाकडेनं रोज जातो की ओ, पण आत जाणं पाहुणे आले तरच. आत कमलबसदी आहे, रट्ट राजवटीतली, १२०४ सालची. छतात कोरलेलं कमळ पाहायला मान मागं टाकावी लागते आणि ती लवकर खाली येत नाही. गाभाऱ्यात काळ्या दगडातले नेमिनाथ. किल्ल्यातच सफा मशीद, तिथंच रामकृष्ण मिशनचा आश्रम. १८९२ मध्ये विवेकानंद बेळगावात मुक्कामाला होते. टिळकवाडीची गोष्ट तर आणखी गमतीची. काँग्रेस रोडवर सिग्नलला खोळंबून आपण चरफडतो, पण त्याला हे नाव कशामुळं, हे घरातल्या पोरांना विचारून बघा. १९२४ चं अधिवेशन इथं भरलं आणि गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात या एकदाच. अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खणलेली विहीर अजून जागेवर आहे. तेव्हा हंपीची गाडी ठरवण्याआधी एक सकाळ गावाला द्या. पेट्रोलही लागणार नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे.