बुडालेल्या माणसासाठीचा कायदा लागू करा

प्रति,
मा. केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहारमंत्री, नवी दिल्ली
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

कंपनी बुडाली तर तिच्यासाठी न्यायाधिकरण आहे, नेमलेला तज्ज्ञ आहे, ठरलेली मुदत आहे. पगारदार माणूस बुडाला तर त्याच्या वाट्याला वसुलीवाल्याचे फोन येतात, आणि एक हप्ता भरायला काढलेले दुसरे कर्ज.

२०१६च्या दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठीही तरतूद आहे. १ डिसेंबर २०१९ला तो भाग लागू झाला, पण फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन आणि अ‍ॅपवरच्या कर्जांनी मेटाकुटीला आलेल्याला आजही इंग्रजी अमदानीतलेच कायदे आहेत. तो मुंबईत राहत असेल तर १९०९चा आणि उच्च न्यायालय. मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात आला की १९२०चा आणि जिल्ह्याचे न्यायालय. हप्त्याला पैसे नसलेल्याने तिथे वकील कशाच्या जोरावर लावायचा?

संहितेत गरीब कर्जदाराला नव्याने सुरुवात करू देणारी तरतूदही आहे. तिच्या अटी पाहा : वार्षिक उत्पन्न ६०,०००, मालमत्ता २०,००० आणि माफीस पात्र कर्ज ३५,००० रुपयांच्या आत, शिवाय स्वतःचे घर नको. म्हणजे महिना पाच हजार. सोसायटीचा वॉचमनसुद्धा यात बसणार नाही. हे आकडे कलमातच असल्याने ते संसदेनेच बदलायला हवेत. आधी ते वाढवा, मग हा भाग सर्वांना लागू करा.

लोक कर्ज बुडवायला सोकावतील, अशी भीती घातली जाते. पण या प्रक्रियेत अर्जाची तपासणी होते, माहिती लपवली तर आदेश रद्द होऊ शकतो, आणि बारा महिन्यांत दुसऱ्यांदा ही सवलत मिळत नाही. आज मात्र सिमकार्ड बदलून परागंदा झालेल्याकडून बँकेलाही काही मिळत नाही.

गव्हर्नरसाहेब, कायद्याआधी माणसाला सल्ला लागतो. रिझर्व्ह बँकेने २००९मध्ये कर्ज-समुपदेशन केंद्रांची योजना आखली होती : सल्ला मोफत, आणि केंद्र बँकेपासून अंतर राखून चालवलेले. पुढे भर बचतीच्या आणि आर्थिक साक्षरतेच्या शिबिरांवर गेला. पाच ठिकाणी कर्ज थकलेल्याला शिबिर नको असते. कागद समोर पसरून कोणीतरी सांगायला हवे असते : कोणते कर्ज तारणाचे, कोणाचे व्याज जास्त, कुठे हप्त्यांची फेरआखणी मागता येईल, तडजोड केल्यास सिबिलवर काय शेरा पडेल, सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते.

हे सांगणारे कोणी नसल्यामुळे ‘हप्ते बंद करा, सेटलमेंट आम्ही करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फावते. ते फी आधी घेतात. व्याज चढत राहते, नोटीस मात्र कर्जदाराच्या घरी येते.

म्हणून प्रत्येक जिल्ह्यात बँकांच्या वसुली विभागाशी संबंध नसलेले, प्रशिक्षित समुपदेशक असलेले केंद्र हवे. थकबाकीच्या पहिल्याच नोटिशीवर त्याचा पत्ता आणि फोन मराठीत छापण्याची सक्ती बँका, वित्तसंस्था आणि अ‍ॅपवाल्यांवर करा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी