मर्जी कुणाची?

अमेरिकेत मोंटाना राज्य सोडले, तर बहुतेक खासगी नोकऱ्या मर्जीवर चालतात. कारण न देता मालक काढू शकतो, नोकरही सोडू शकतो. नियम दोघांना सारखाच. पण मालकाला दुसरा माणूस मिळतो, नोकराची चूल विझते.

सूरह अल-कससमध्ये मदयनच्या बुजुर्गांनी हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्याशी निकाहाच्या वेळी आठ वर्षांची चाकरी ठरवली. पुढची दोन वर्षे मात्र मूसांच्या मर्जीवर सोडली.

आणि आपण? घरी भांडी घासणाऱ्या बाईंना एका संध्याकाळी सांगतो, ‘उद्यापासून येऊ नका.’ भगिनींनो, त्यांनाही घरभाडे आहे, मुलांची फी आहे. महिनाभर आधी सांगा, नाहीतर महिन्याचा पगार हातात द्या. कायद्याने विचारले नाही, तरी अल्लाह विचारणार आहे.