जहाजाच्या मोबदल्यात दिलेली माणसे

पेशवाईचे गुणगान करता करता ज्यांच्या लेखण्या झिजल्या, त्या इतिहासकारांना एक लहानसा सवाल आहे. इ. स. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराकडून पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ नावाच्या जहाजाचे नुकसान झाले. पुढे १७७९ साली पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि भरपाई म्हणून वर्षाला बारा हजार रुपये वसुलाचा मुलूख तोडून देण्याचे कबूल केले. १७८३ साली नगर हवेलीची बहात्तर गावे या हिशेबात पोर्तुगीजांच्या हवाली झाली. त्या गावांत वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी राहत होते. आपण एका फुटक्या जहाजाची किंमत म्हणून दिले गेलो, हे त्यांना कोणी सांगितले काय? त्यांची संमती कोणी विचारली काय? गुरे विकताना त्यांच्या दातांची तरी तपासणी होते. येथे तेवढीही झाली नाही.

हा प्रश्न आज उकरून काढण्याचे कारण असे की, हवेलीच्या माणसांना न विचारता त्यांच्याविषयीचे निर्णय घेण्याची ती रीत अजून मोडलेली नाही.

१९५४ च्या जुलै महिन्यात दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. या लढ्यात मुंबई-पुण्याकडची मराठी तरुण मंडळी होती, गोमंतकीय होते, गायक सुधीर फडके होते. महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा हे योग्यच आहे. त्यानंतरची सात वर्षे हा मुलूख ना पोर्तुगालचा होता, ना कायद्याने भारताचा. वरिष्ठ पंचायत नावाची स्थानिक प्रतिनिधींची संस्था तेथील कारभार पाहत होती. १९६० साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पोर्तुगालच्या वाटेच्या हक्काबाबतचा निकाल दिला. १९६१ साली वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला, आणि करारावर सही करण्यासाठी बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्यास एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले. वर्तमानपत्रे ही गोष्ट गमतीची म्हणून दर वर्षी छापतात. तीतली खरी गोष्ट मात्र छापत नाहीत. ती अशी की, ज्या पंचायतीचा ठराव भारतात येण्यापुरता प्रमाण मानला गेला, तीच पंचायत भारतात आल्यावर केवळ सल्ला देणारी झाली. सही घेतली आणि दौत-लेखणी काढून घेतली!

आता दिल्लीचे आणि दमणचे कारभारी आम्हांस सांगतात की, हक्काच्या गोष्टी सोडा, विकास पाहा. सिल्वाशास रस्ते झाले, पूल झाले, २०१९ साली पायाभरणी होऊन २०२३ साली मेडिकल कॉलेजच्या इमारतीचे लोकार्पण झाले. हे सर्व खरे आहे आणि आम्ही ते नाकारीत नाही. आदिवासीचे पोर डॉक्टर होणार असेल तर त्या इमारतीचे आम्ही स्वागतच करू. परंतु विकास कोणाचा झाला हे पाहावयाचे तर इमारतींच्या उंचीवरून ते कळत नाही.

नीती आयोगाने २०२१ साली बहुआयामी दारिद्र्याचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. उत्पन्नाबरोबर नव्हे, तर पोषण, शाळा, पाणी, शौचालय, घर अशा गोष्टींवरून गरिबी मोजणारा हा अहवाल २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेला होता. त्यात सर्व केंद्रशासित प्रदेशांत अधिकात अधिक दरिद्री प्रदेश कोणता निघाला? दादरा व नगर हवेली. शंभरातील २७ हून अधिक माणसे दारिद्र्यात. शेजारच्या दमण व दीवमध्ये तोच आकडा सातच्या आत होता, पुदुचेरीत दोनच्या आत. ज्या प्रदेशात करसवलतींच्या ओढीने १९८० नंतर कारखान्यांची रांग लागली, जेथल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक वापर उद्योगांकडे जातो, देशाला कृत्रिम धागा पुरविण्यात ज्याचे नाव आघाडीवर आहे, त्या प्रदेशाची ही दशा! २०११ च्या शिरगणतीत हवेलीची एकंदर साक्षरता ७६ टक्के होती, तर अनुसूचित जमातींची सुमारे ६२. म्हणजे मूळ रहिवाशांना वगळून हिशेब मांडला, तर हवेली सुशिक्षित आणि सधन आहे.

यावर दिल्लीने जो उपाय केला तो ऐकण्यासारखा आहे. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेने आणि ३ डिसेंबरला राज्यसभेने एक विधेयक संमत केले, आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेली हा प्रदेश दमण व दीवमध्ये विलीन झाला. दोन सचिवालयांचा दुहेरी खर्च वाचावा हे कारण दिले गेले. हवेलीचे क्षेत्रफळ ४९१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या २०११ साली ३,४३,७०९. दमण व दीवचे क्षेत्रफळ त्याच्या चौथाईहून कमी, लोकसंख्या २,४३,२४७. तरी राजधानी कोठे? दमणला. खानवेलच्या पलीकडल्या पाड्यावरील वारल्याला सरकारच्या दारात जावयाचे तर गुजरातमधील वापी ओलांडून समुद्रकाठी जावे लागते. आणि गंमत पाहा, २०२३ साली नीती आयोगाचा दुसरा अहवाल आला तेव्हा प्रदेशवार तक्त्यात हवेलीची स्वतंत्र ओळच उरली नव्हती. जोडप्रदेशाचा आकडा सुमारे ९ टक्के. दारिद्र्य काही अंशी घटले असेल, आणि घटले असल्यास आम्हांस आनंदच आहे. परंतु देशभर जो तक्ता वाचला जातो त्यात आदिवासीची भूक दमणच्या किनाऱ्यावरील हॉटेलवाल्याच्या ताटात मिसळून सरासरी काढली जाते, हे कसे नाकारता येईल? त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जोडप्रदेशातील पाच वर्षांखालच्या शंभर बालकांपैकी सुमारे ३९ बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. सरासरीने तक्ता सुधारतो, पोराचे हाड वाढत नाही.

येथे एका खोट्या भांडणापासून आम्ही वाचकांस सावध करू इच्छितो. १९९१ साली हवेलीत आदिवासींचे प्रमाण ७९ टक्के होते, २००१ साली ६२ आणि २०११ साली ५२. हे आकडे दाखवून काही लोक बाहेरून आलेल्या मजुराकडे बोट करतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा येथून पोटासाठी आलेला हा मजूर आहे तरी कोण? २०११ साली दमण जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ५३४ स्त्रिया होत्या; देशातील कोणत्याही जिल्ह्यात इतके कमी प्रमाण नव्हते. हवेलीत ७७४. या आकड्यांचा अर्थ असा की, हजारो माणसे बायकापोरांना गावी टाकून पत्र्याच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपतात. हा मजूर वारल्याचा वैरी नव्हे. दोघांचेही ऐकून घेणारे सभागृह या प्रदेशात नाही, हे दोघांचेही समान दुःख आहे.

संविधानाच्या २४० व्या अनुच्छेदाप्रमाणे या प्रदेशाच्या ‘शांतता, प्रगती व सुशासना’साठी राष्ट्रपती विनियम करतात, म्हणजे व्यवहारात दिल्लीतील गृहखाते करते आणि प्रशासक राबवितो. अंदाजपत्रक गृहखात्याच्या मागण्यांत घातले जाऊन संसदेत मंजूर होते. हवेलीतून एक खासदार आणि दमण-दीवमधून एक, असे दोघे लोकसभेत जातात; राज्यसभेत एकही नाही. पाचशे त्रेचाळीसांच्या गर्दीत त्या दोघांनी दुधनीच्या शाळेवरील मास्तरचा प्रश्न कधी काढावा? याच व्यवस्थेत १ एप्रिल २०२२ रोजी संपूर्ण प्रदेशाच्या वीजवितरणाचा ५१ टक्के हिस्सा एका खासगी कंपनीकडे गेला. तो निर्णय चांगला की वाईट, यावर मतभेद होऊ शकतील. परंतु तो ज्यांच्या घरच्या दिव्याचा होता, त्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून त्यावर एक तासही चर्चा केली नाही; कारण तशी बसण्याची जागाच कायद्याने निर्माण केलेली नाही.

प्रदेश लहान आहे, विधानसभेचा खर्च परवडणार नाही, असे म्हणतात. सिक्कीमची लोकसंख्या २०११ साली ६ लाख १० हजार होती, आणि त्याला बत्तीस सभासदांची विधानसभा आहे. दादरा, हवेली, दमण, दीव मिळून लोकसंख्या ५ लाख ८७ हजार होती. पुदुचेरीचे क्षेत्रफळ तर हवेलीइतकेच, आणि तिला १९६३ च्या कायद्याने विधानसभा मिळाली. त्याहून विलक्षण गोष्ट दमण-दीवची. १९६३ पासून गोव्याच्या विधानसभेत या दोन्ही ठिकाणचा एकेक आमदार बसत असे. १९६७ च्या जनमतकौलात तेथील लोकांचेही मत घेतले गेले. १९८७ साली गोवा राज्य झाला आणि दमण-दीवच्या मतदाराने आपला आमदार गमावला. आजोबाला होता तो हक्क नातवाला नाही! अधोगतीचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कोणी चतुर गृहस्थ विचारतील की, लक्षद्वीपला कोठे विधानसभा आहे? तरी तेथे दारिद्र्य दोन टक्क्यांच्या आत कसे? प्रश्न रास्त आहे. विधानसभा आली की भाकरी आपोआप भाजते, असे आम्ही म्हणत नाही. पुदुचेरीत नायब राज्यपाल आणि मंत्रिमंडळ यांची खडाखडी कितीदा झाली हे आम्ही पाहिले आहे. पण लक्षद्वीपच्या माणसाच्या पायाखाली जमीन त्याची स्वतःची आहे. तेथील जवळजवळ सर्व रहिवासी अनुसूचित जमातीचे, आणि बाहेरच्याला तेथील जमीन घेण्यास कायद्याची आडकाठी. २०२१ साली विकास प्राधिकरणाच्या नावाने जमिनीवर हात टाकू शकणारा मसुदा आला तेव्हा ती शांत बेटे उपोषणाला बसली. विधानसभा नसल्यामुळे त्यांना उपोषण करावे लागले, हेही ध्यानात घ्यावे.

हवेलीत मात्र ना सभागृह, ना जमिनीचे कवच. पालघर जिल्ह्यातील तलासरी ओलांडली की हवेली सुरू होते. अलीकडे वारली, पलीकडेही वारली. सोयरिक एक, देव एक, बोली एक. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ मोडली, ती याच मातीत. अलीकडचा मुलूख पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन संपादन करण्यापूर्वी तेथील ग्रामसभेचा विचार घ्यावा लागतो. ती पुष्कळदा कागदावरच घेतली जाते, हे आम्ही जाणतो. तरी कागद दाखवून कोर्टात तरी उभे राहता येते. पलीकडे एकही अनुसूचित क्षेत्र घोषित नाही, म्हणून पेसाही नाही. दमणगंगेवर मधुबन धरण झाले, पाण्याखाली हवेलीतील आदिवासींची शेते गेली, पाणी वापी-वलसाड-दमणकडे गेले. आज दुधनीच्या जलाशयात पर्यटकांसाठी काश्मिरी धाटणीच्या नावा फिरतात. खाली कोणाचे शेत आहे हे नावाडी सांगत नाही. पुष्कळदा नावाडीच त्या शेतवाल्याचा मुलगा असतो.

ज्यांना विधानसभा ही चैनीची वस्तू वाटते, त्यांनी १९३७ साल आठवावे. त्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले आणि त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक तेथे मांडले. पुढल्या जानेवारीत कोकणातील शेतकरी मुंबईस मोर्चा घेऊन आले, ते त्या सभागृहाच्या दारी. विधेयक तेव्हा पुढे गेले नाही. परंतु खोताला आपल्या खोतीचा बचाव सर्वांसमक्ष करावा लागला, आणि कुळाची कैफियत सरकारी दप्तरात कायमची नोंदली गेली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी मताधिकार व प्रतिनिधित्व मागितले, ते याचसाठी. आज खानवेलच्या वारल्याने आपल्या खोताविरुद्ध, मग तो गिरणीचा असो वा खात्याचा, विधेयक मांडावयाचे म्हटले तर त्याने ते कोठे मांडावे?

मागणी साधी आहे. १९६२ च्या दुरुस्तीने संविधानात २३९-अ हा अनुच्छेद आला. विधानसभा देता येईल अशा प्रदेशांची नावे त्यात होती: हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा, गोवा-दमण-दीव आणि पाँडिचेरी. त्यांतील पहिली तीन आणि गोवा आज राज्ये आहेत. दादरा व नगर हवेलीचे नाव त्या यादीत कधीच नव्हते, आणि दमण-दीवचे गाळले गेले. ते नाव तेथे घाला. हवेलीतील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्र म्हणून घोषित करा, आणि त्यास कायद्याची अडचण असेल तर कायदा बदला. पुढल्या प्रत्येक अहवालाच्या मुख्य तक्त्यात हवेलीचा आकडा दमणपासून वेगळा छापा. २०१९ साली एक प्रदेश नकाशावरून पुसण्यास संसदेच्या दोन्ही सभागृहांना मिळून एक आठवडा पुरला होता. तेवढाच वेळ आम्ही मागतो आहोत.