गाडी घ्यावी, पण मेकॅनिकला विचारून

घोडा विकत घेणारा माणूस आधी दाणावैरणीचा हिशेब करी. मोटार घेणारा हल्ली फक्त मासिक हप्ता विचारतो. आमच्या तळोज्यात नव्या इमारतींखाली उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की मला प्रश्न पडतो, यांच्या मालकांपैकी कितीजणांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एखादे गॅरेज गाठले असेल? शोरूममध्ये भेटतो तो विकणारा. गाडीची दुखणी ज्याला ठाऊक, तो हातात पाना घेऊन दुसरीकडेच बसलेला असतो.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हा हिशेब केव्हाच केला होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन अवघे 1089 सीसीचे, वेग बेताचा. पण कार्बोरेटर आणि प्लग रस्त्याकडेला साफ करता येत, सुटे भाग कोठेही मिळत. तिचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले, तरी मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ची होती, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ऑक्टोबर 2023 मध्येच, ती रस्त्यावरून गेली. कारखाना थंडावल्यावरही ती कुटुंबे पोसत राहिली. अर्थात, ती सारखी बंद पडे म्हणूनच तिची दुरुस्ती सर्वांना येई, असा टोमणा आमचे काका मारतात, व त्यात तथ्य आहे! डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हा लोक तिकडे वळले ते उगीच नव्हे.

याउलट गाडी धडधाकट असूनही मालक अडचणीत येऊ शकतो. जनरल मोटर्सचा कारखाना आपल्याच तळेगावात होता. 2017 मध्ये त्या कंपनीने भारतातील विक्री बंद केली. 2021 मध्ये फोर्डने येथील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. सुटे भाग मिळत राहतील, अशी हमी दिली जाते. पण अशी गाडी विकायला काढणाऱ्याला गिऱ्हाईक काय भाव देते, ते त्यालाच विचारावे.

त्यात आमचे तळोजे! कंटेनरच्या वर्दळीने उखडलेले रस्ते, वसाहतीची धूळ आणि चार महिने पाऊस. येथे आधी शॉकअब्सॉर्बर व बुश जातात. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत धुळीच्या रस्त्यांसाठी तेल व फिल्टर लवकर बदलण्याची सूचना असते. तो परिच्छेद तळोजेकरांना उद्देशूनच लिहिला आहे, असे समजावे. आणखी एक गोष्ट म्हणजे टायमिंग बेल्ट. काही इंजिनांत साखळी असते, काहींत रबरी पट्टा. हा पट्टा ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात, आणि मग जुन्या गाडीत वाचवलेले पैसे एका बिलात जातात.

आमच्या घरी सध्या जुनी गाडी घेण्याचे घाटते आहे. वडील कारखान्यात पाळीवर जातात, आणि आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पनवेलला न्यावे लागते. गाडी वाटेत बसली तर त्या दिवशी आजीचे काय, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. धाकट्या भावाला छताची काच उघडणारी गाडी हवी आहे. मी विकणाऱ्याकडे बेल्ट बदलल्याची पावती मागितली आहे. तो अजून शोधतो आहे.