भिंतीला भोक नको? मग आधी भिंत पाहा

भाड्याच्या घरात राहत असाल तर घरमालकाचं एक वाक्य तुम्हाला पाठ असेलच, ‘भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत.’ बंगळुरू असो, इंदूर असो की पुणे, घर सोडताना भोकं मोजली जातात आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. म्हणूनच चिकटवायचे हुक, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्ट्या आणि ट्यूबमधला दणकट गोंद घरोघरी आला आहे.

पाकिटावर ‘५ किलो वजन पेलतो’ असं लिहिलेलं असतं. पण गोंद तुमच्या भिंतीला चिकटतच नाही, तो रंगाला चिकटतो. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली गिलावा. यातला सर्वांत कच्चा थर जेवढं पेलेल, तेवढंच वजन टिकेल. तेव्हा पाकीट वाचण्याआधी भिंतीवरून हात फिरवा. बोटांना पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर, तिथे गोंदाचा नाद सोडा. ओल आलेली, पोपडे धरलेली भिंतही नको. शंका असेल तर कोपऱ्यात सेलोटेपचा तुकडा घट्ट दाबून ओढून बघा. टेपबरोबर रंग आला, तर हुकाबरोबरही येणार. नव्याने रंगवलेल्या भिंतीला निदान आठवडाभर थांबा.

टाइल्स मात्र गोंदाच्या लाडक्या. बाथरूममध्ये तर ड्रिलपेक्षा गोंदच बरा, कारण भिंतीत पाण्याचे पाइप कुठून गेलेत हे आपल्याला कुठे दिसतं? फक्त हुक टाइलच्या मधोमध लावा, सांध्यावर नको. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट थर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. हुक अर्धा मिनिट दाबून धरा आणि शक्य असेल तर २४ तास काहीही अडकवू नका. हुक पडल्याच्या बऱ्याचशा तक्रारी या घाईतून येतात.

वजनाइतकंच ते कसं ओढतंय हेही महत्त्वाचं. भिंतीला लगटलेली तसबीर सरळ खाली ओढते, ते पट्टीला सोसतं. शेल्फ मात्र पुढे झुकतं आणि पट्टीची वरची कड हळूहळू सोलली जाते. म्हणून दोन किलोची फ्रेम टिकते आणि तेवढ्याच वजनाचं, डब्यांनी भरलेलं शेल्फ एखाद्या रात्री धाडकन खाली येतं. टीव्ही, गीझर, देव्हारा यांना स्क्रूच हवेत. देव्हाऱ्यात तर वजनाबरोबर निरांजनाची ऊबही असते आणि उष्णतेने गोंद सैल पडतो. पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वर काचेची फ्रेम नुसत्या गोंदावर लावू नका. आरसा सिलिकॉनने चिकटवणार असाल तर ‘न्यूट्रल’ प्रकार मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाची मागची बाजू खातं. आणि हो, चप्पल जोडायचा झटपट गोंद इथे कामाचा नाही, तो सुकला की ठिसूळ होतो.

आता घर सोडताना काय? शेपटीवाली पट्टी भिंतीला लागूनच सरळ खाली, सावकाश ओढा. ती लांबत जाते आणि सुटते. स्वतःकडे ओढलीत तर रंग गेलाच म्हणून समजा. फोमच्या पट्टीला हेअर ड्रायरने ऊब द्या आणि मागून दातांचा फ्लॉस करवतीसारखा फिरवा. ट्यूबमधला गोंद मात्र निघताना तळहाताएवढी पुट्टी घेऊन निघतो. ड्रिलचं भोक चिमूटभर पुट्टीने बुजतं, हा खड्डा तसा बुजत नाही. ‘भोक न पाडता’ या जाहिरातीतली ही बाजू कुणी सांगत नाही. तेव्हा जड वस्तू लावायचीच असेल, तर घरमालकाला फोन करून दोन स्क्रूंची परवानगी मागा आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.